मलप्रभेकाठचा एक दिवस : महाकूट, पट्टदकल, ऐहोळे

काठाकाठाने

बदामीकडे जाणारे मराठी प्रवासी बहुधा दोन कारणांनी जातात. एक कारण म्हणजे बनशंकरी, जी आपल्याकडील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी आहे, आणि दुसरे म्हणजे बदामीची लेणी. कुलाचार आटोपून आणि लेणी पाहून झाल्यावर हाती जो वेळ उरतो, तो पट्टदकल आणि ऐहोळे यांच्या वाट्याला येतो. भर दुपारी, तापलेल्या दगडावरून अनवाणी पाय उचलत घाईघाईने केलेल्या त्या फेरीला दर्शन म्हणता येईल, पाहणे म्हणता येणार नाही. माझी सूचना याच्या उलट आहे. बदामीसाठी वेगळा दिवस ठेवावा आणि एक पूर्ण दिवस केवळ मलप्रभा नदीच्या खोऱ्याला द्यावा. त्यातही सर्वाधिक वेळ पट्टदकलसाठी राखावा, कारण वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या माणसाला या गावात जे सापडते, ते अन्यत्र क्वचितच सापडेल.

मुक्काम बदामीतच करावा. सोलापूरहून विजयपूर आणि बागलकोट मार्गे गदगकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बदामी हे स्थानक आहे, मात्र ते गावापासून चार-पाच किलोमीटर दूर आहे. बदामीहून पट्टदकल सुमारे २२ किलोमीटर आणि तेथून ऐहोळे आणखी १३-१४ किलोमीटर आहे. महाकूट या दोहोंच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत आहे. बसगाड्या आहेत, परंतु एका दिवसात तिन्ही ठिकाणे नीट पाहायची असतील, तर दिवसभरासाठी रिक्षा किंवा मोटार ठरवणेच शहाणपणाचे ठरते.

महाकूटला सकाळी लवकर पोहोचावे. ते काठावरचे ठिकाण नाही, परंतु आरंभ तेथूनच करण्याला एक कारण आहे. येथे एकाच आवारात, झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या कुंडाभोवती, उत्तरेकडील वक्ररेषी शिखराची (नागर) आणि दक्षिणेकडील पायऱ्यापायऱ्यांच्या विमानाची (द्राविड) मंदिरे शेजारी शेजारी उभी आहेत. पट्टदकलला जे भव्य स्वरूपात दिसते, त्याची ही लहान आणि जिव्हाळ्याची आवृत्ती आहे. सकाळी कुंडात गावची मुले पोहत असतात आणि पूजाही चालू असते. चालुक्य राजा मंगलेश याचा येथील प्रसिद्ध लेखयुक्त स्तंभ आता जागेवर नाही. तो विजयपूरच्या संग्रहालयात आहे, त्यामुळे गोलघुमट पाहण्यास जाणाऱ्यांनी त्याची विचारपूस अवश्य करावी.

आता पट्टदकल. मलप्रभा येथे उत्तरवाहिनी होते आणि उत्तरवाहिनी नदीचे माहात्म्य आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. चालुक्यांच्या राज्याभिषेकांशी या स्थळाचे नाव जोडले गेले, त्यामागे नदीचे हे वळण असावे असे मानले जाते. १९८७ साली युनेस्कोने या मंदिरसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आवारात शिरल्यावर प्रथम कडसिद्धेश्वर, जंबुलिंगेश्वर आणि गळगनाथ ही मंदिरे लागतात. यांपैकी गळगनाथाचा मंडप बराचसा नष्ट झाला आहे, परंतु त्याचे नागर शिखर माथ्यावरील आमलकासह, म्हणजे आवळ्याच्या आकाराच्या दगडी चकतीसह, टिकून आहे. पुढे संगमेश्वर आहे. विजयादित्याने (कारकीर्द इ. स. ६९६ ते ७३३) बांधलेल्या या मंदिराचे मूळ नाव विजयेश्वर असे होते. त्यानंतर काशीविश्वनाथ, मल्लिकार्जुन आणि शेवटी विरूपाक्ष.

काशीविश्वनाथ आणि मल्लिकार्जुन ज्या ठिकाणाहून एका नजरेत येतात, तेथे थोडा वेळ उभे राहावे. एकीकडे वर निमुळते होत जाणारे नागर शिखर आणि लगतच मजल्यामजल्यांनी चढत जाणारे द्राविड विमान. शिल्पशास्त्राच्या पुस्तकात हा भेद दोन निरनिराळ्या आकृत्यांनी समजावून देतात, येथे तो काही पावलांत दिसतो. पुढे दक्षिणेस, मुख्य आवाराबाहेर काठाकाठाने जाणाऱ्या वाटेवर पापनाथ मंदिर आहे. तेथे शिखर नागर, परंतु भिंतींवरील अलंकरण बरेचसे द्राविड असा मिलाफ आढळतो. बहुतेक पर्यटक विरूपाक्षापासूनच माघारी फिरतात आणि पापनाथाच्या बाह्य भिंतींवरील रामायणाची शिल्पे, ज्यांवर पात्रांची नावेही कोरलेली आहेत, पाहायची राहून जातात.

विरूपाक्ष मंदिराचे मूळ नाव लोकेश्वर. दुसऱ्या विक्रमादित्याने (कारकीर्द इ. स. ७३३ ते ७४४) पल्लवांचे कांची जिंकले, त्या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने हे मंदिर उभारले. तिची धाकटी बहीण आणि सवत त्रैलोक्यमहादेवी हिने त्रैलोक्येश्वर, म्हणजे आजचे मल्लिकार्जुन, बांधविले. दोघीही हैहय कुळातील होत्या. विजयी विक्रमादित्याने कांची लुटली नाही, उलट तेथील राजसिंहेश्वराच्या, म्हणजे कैलासनाथाच्या मंदिराचे धन त्याने देवालाच परत केले, आणि ही गोष्ट सांगणारा त्याचा कन्नड लेख कांचीच्या त्याच मंदिरात आजही आहे. जिंकलेल्या शहरातील वास्तूचा प्रभाव पडावा आणि तो आपल्या नदीकाठी आणून रुजवावा, असे औदार्य इतिहासात विरळाच.

या मंदिराच्या वास्तुकारांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते. गुंड अनिवारिताचारी याला 'त्रिभुवनाचार्य' अशी पदवी मिळाल्याचे तेथील लेखात नमूद आहे. हजारो अनाम हातांनी घडविलेल्या आपल्या वास्तूंमध्ये असा उल्लेख भेटला की बरे वाटते. मंदिर पूर्वाभिमुख असून नदीच्या बाजूला महाद्वार आहे. गर्भगृहासमोर स्वतंत्र मंडपात काळ्या पाषाणाचा नंदी आहे आणि पूजा आजही चालू आहे. आतील स्तंभांवर रामायण-महाभारतातील प्रसंग पट्टिकांमध्ये कोरले आहेत. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय ते दिसत नाहीत, म्हणून आत गेल्यावर पाच मिनिटे काहीही न पाहता बसून राहावे. सकाळी पूर्वेकडून उजेड आत येतो, हेही येथे लवकर पोहोचण्याचे एक कारण आहे.

आणि आता वेरूळ. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे विरूपाक्षानंतर सुमारे एका पिढीने, कैलास लेणे कोरले गेले. महाद्वार, नंदीमंडप, स्तंभयुक्त सभामंडप, त्याला तिन्ही बाजूंनी मुखमंडप आणि गर्भगृहावर द्राविड विमान, हा क्रम दोन्हीकडे जवळपास सारखा आहे. राष्ट्रकूटांनी चालुक्यांचे राज्य घेतले आणि त्यांच्या मंदिराचा आराखडाही घेतला, असे मला विरूपाक्षाच्या प्रांगणात उभे राहिल्यावर स्पष्ट जाणवले.

ऐहोळेविषयी येथे थोडक्यातच लिहितो. दुर्ग मंदिराची गजपृष्ठाकार मागील बाजू आणि त्याभोवतीचा स्तंभयुक्त प्रदक्षिणापथ, लाडखान मंदिराच्या छतावरील लाकडी बांधणीची आठवण करून देणाऱ्या दगडी पट्ट्या आणि रावणफडी लेण्यातील मातृकांसह नृत्य करणारा दशभुज शिव, एवढे तरी चुकवू नये. संध्याकाळी मेगुती टेकडीवर चढून दिवस संपवावा.

वेरुळवासी

लेख आवडला, परंतु शेवटून दुसऱ्या परिच्छेदातील निष्कर्ष मला घाईचा वाटतो. 'आराखडा घेतला' असे म्हटले की कैलास ही विरूपाक्षाची प्रतिकृती ठरते, आणि तसे मानणाऱ्यांनी कैलासाचा पाया नीट पाहिलेला नसतो. वेरूळला हत्तींच्या रांगांवर तोललेले उंच अधिष्ठान आहे, त्यामुळे संपूर्ण मंदिर प्रांगणापासून एक मजला वर उचलले गेले आहे. असे काही पट्टदकलला नाही. दुसरे असे की विरूपाक्ष वालुकाश्माच्या चिऱ्यांनी खालून वर रचले गेले, तर कैलास बेसाल्टच्या कड्यातून वरून खाली कोरले गेले. रचणाऱ्याला चुकलेला चिरा बदलता येतो, कोरणाऱ्याला तशी सोय नसते. ज्या कारागिरांनी हे केले, त्यांच्या मागे वेरूळच्याच डोंगरातील लेणी खोदण्याची दीर्घ परंपरा उभी होती. कैलासाच्या जवळच असलेल्या दशावतार लेण्यात कृष्णाच्या आधीचा राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे, याचाही विचार व्हावा.

काठाकाठाने

आपला आक्षेप बऱ्याच अंशी मान्य आहे. अधिष्ठानाचा मुद्दा तर निर्विवाद आहे. तथापि 'आराखडा' आणि 'प्रतिकृती' यांत मी फरक करतो. घटकांचा क्रम आणि त्यांचे परस्परांशी नाते हे जर दोन वास्तूंत इतके जुळत असेल, आणि त्या दोन राजसत्ता एकाच भूभागावर एकामागोमाग एक नांदल्या असतील, तर केवळ योगायोग मानणे मला अधिक कठीण वाटते. विरूपाक्षाच्या मागे कांचीचे कैलासनाथ उभे आहे, म्हणून त्याला कोणी कांचीची नक्कल म्हणत नाही. तोच न्याय वेरूळला लावावा. बडोदे येथे मिळालेल्या राष्ट्रकूट कर्काच्या ताम्रपटात (इ. स. ८१२) एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, मंदिराविषयी असे वर्णन आहे की ते घडविणारा शिल्पीच 'हे मी कसे केले' म्हणून विस्मित झाला. पूर्वीचा नमुना डोळ्यांसमोर असूनही आपण त्याच्या पलीकडे गेलो, हे ज्याला कळले त्याचाच हा विस्मय असू शकतो.

भुजपत्र

मेगुतीला 'संध्याकाळी चढून दिवस संपवावा' एवढ्यावर भागविल्याबद्दल सौम्य निषेध नोंदवितो. या संपूर्ण खोऱ्यात मराठी वाचकाने ज्या एका भिंतीसमोर उभे राहावे, ती भिंत त्या टेकडीवर आहे.

मेगुती हे जैन मंदिर असून त्यावरील संस्कृत प्रशस्ती रविकीर्ती या कवीने शके ५५६ मध्ये, म्हणजे इ. स. ६३४ मध्ये रचली. आपली कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या तोडीची आहे, असे हा कवी स्वतःच सांगतो. विनय हा त्याचा गुण नव्हता, परंतु त्याच्या या आत्मस्तुतीमुळे आपल्याला एक अनमोल पुरावा मिळाला, कारण हे दोन्ही कवी सातव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सर्वत्र प्रसिद्ध झालेले होते, हे या लेखावरून निश्चित होते. प्रशस्तीचा नायक चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आहे. उत्तरेच्या हर्षवर्धनाचा त्याने केलेला पराभव सांगताना कवी 'भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः' असा श्लेष साधतो, म्हणजे ज्याने हर्षाचाच हर्ष भयाने गळून पडेल असे केले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा चरण वेगळाच आहे. 'अगमदधिपतित्वं यो महाराष्ट्रकाणां नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्', अर्थात नव्याण्णव हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य पुलकेशीला प्राप्त झाले. पुढे चिनी प्रवासी युआन श्वांग याच राजाच्या देशाचे वर्णन महाराष्ट्र या नावानेच करतो. गावांचा आकडा परंपरेने चालत आलेला असावा आणि तो शब्दशः घेऊ नये, परंतु आपल्या प्रदेशाचे नाव इतक्या स्पष्टपणे आणि तारखेसह दगडात कोरलेले पाहायचे असेल, तर त्यासाठी मलप्रभेकाठची ही टेकडी चढावी लागते. आज तेथे मराठी बोलली जात नाही, याचा विषाद मानण्याचे कारण नाही. वातापीच्या, म्हणजे बदामीच्या, राजांच्या दृष्टीने हे सर्व एकच राज्य होते.

जाता जाता, पट्टदकललाही असाच एक लेख आहे. दुसऱ्या कीर्तिवर्म्याच्या काळातील, इ. स. ७५४ चा स्तंभलेख एकच संस्कृत मजकूर दोन लिप्यांत देतो, एक उत्तरेकडील आणि दुसरी दक्षिणेकडील. लोकेश्वर आणि त्रैलोक्येश्वर या दोन्ही मंदिरांचा त्यात उल्लेख आहे. शिखरांबाबत आपण जे लिहिले, तेच तेथे अक्षरांबाबत घडले आहे.

इरकली

इतिहासाच्या जाणकारांमध्ये मी थोडा वेगळा विषय आणते, परंतु तो याच रस्त्यावरचा आहे. बदामीपासून जवळच गुळेदगुड्ड हे गाव आहे. आपल्या आजी-पणजी ज्या खणाच्या चोळ्या शिवून घेत, ते खण या गावच्या मागांवर विणले जात आणि आजही विणले जातात. ऐहोळ्याच्या पुढे गेल्यास इलकल लागते, जेथील लुगड्याला आपण इरकली म्हणतो. ओटीत पडणारा खण आणि सणाचे लुगडे, दोन्ही या एका खोऱ्यातून आपल्या घरी येत राहिली. ज्यांना मंदिरांचा कंटाळा येतो अशा सहप्रवाशांना (असे असतातच) गुळेदगुड्डला अर्धा तास द्यावा. मागाचा आवाज घराबाहेरूनच ऐकू येतो.

जेवणासाठी बनशंकरीच्या देवळाजवळ बायका टोपल्यांतून ज्वारीची भाकरी, भरले वांगे, शेंगांची चटणी आणि दही विकतात. उपाहारगृह शोधत बसण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

खानापूरकर

मलप्रभेचा उगम आमच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे आहे, म्हणून या धाग्यावर लिहिण्याचा हक्क गाजवितो. तेथे माउलीचे मंदिर आणि उगमाचे कुंड आहे आणि भोवतालच्या गावांत मराठी बोलली जाते. त्याच डोंगररांगांतून म्हादई गोव्याकडे उतरते. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळविण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात जो वाद चालू आहे, तो या सान्निध्यातूनच उद्भवला आहे. पट्टदकलला उन्हाळ्यात पात्र कोरडे का दिसते आणि या पाण्यासाठी इतका आग्रह का धरला जातो, हे काठावर उभे राहिल्यावर समजते. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे आहे आणि तो विषय येथे वाढवू नये, ही विनंती.

मात्र पावसाळ्याविषयी सावध करणे आवश्यक आहे. वरच्या बाजूस सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे धरण आहे. सह्याद्रीत अतिवृष्टी होऊन तेथून विसर्ग वाढविला की पट्टदकल आणि ऐहोळे परिसरात पाणी चढते. ऑगस्ट २०१९ मध्ये पट्टदकलच्या मंदिरांच्या आवारात पुराचे पाणी शिरले होते आणि आसपासच्या गावांचे मोठे नुकसान झाले होते. बदामीत पाऊस नसला तरी कणकुंबीला असू शकतो, हे जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पौष पौर्णिमेच्या सुमारास बनशंकरीची मोठी यात्रा असते. तेव्हा वातावरण फार सुंदर असते, परंतु मुक्कामाची खोली मिळत नाही.

सह्यभ्रमर

आई-वडिलांना घेऊन डिसेंबरमध्ये जाण्याचा विचार आहे. वडिलांना गुडघेदुखीचा त्रास आहे. पायऱ्या कितपत आहेत? आणि ऐहोळेहून पुढे कूडलसंगम त्याच दिवशी होईल का? आईची तेथे जाण्याची इच्छा आहे.

काठाकाठाने

महाकूट आणि पट्टदकल ज्येष्ठांना सोयीचे आहे. जमीन बहुतांशी सपाट आहे, केवळ मंदिरांच्या जोत्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या काही ठिकाणी उंच आहेत. पापनाथापर्यंत थोडे चालावे लागेल. ऐहोळे येथील दुर्ग मंदिराचा समूह सुखाने पाहता येईल. मेगुतीच्या टेकडीला मात्र पायऱ्या आहेत. तेथे आपण वर जावे आणि वडिलांना रावणफडीपाशी बसवावे. भुजपत्र यांचा निषेध शिरोधार्य मानून सांगतो की वर गेल्यावर लेखाच्या भिंतीसमोरून चटकन परतू नये. ऐहोळे येथील पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे दिवस निवडताना तेवढे पाहावे.

कूडलसंगम त्याच दिवशी करू नये, असे माझे मत आहे. स्मारके सूर्यास्ताला बंद होतात आणि डिसेंबरचा दिवस लहान असतो.

भुजपत्र

कूडलसंगमासाठी दुसरा दिवस ठेवावा, याला माझाही दुजोरा आहे. मलप्रभा तेथे कृष्णेला मिळते आणि तेथेच बसवेश्वरांचे ऐक्यस्थान, म्हणजे समाधी, आहे. कृष्णेवरील नारायणपूर धरणाचा फुगवटा तेथवर पोहोचत असल्यामुळे ऐक्यमंडपाभोवती विहिरीसारखे गोल बांधकाम करून तो सुरक्षित ठेवला आहे आणि पायऱ्या उतरून खाली जावे लागते, त्यामुळे वडिलांच्या गुडघ्यांचा विचार तेथेही करावा. वर संगमनाथाचे प्राचीन मंदिर आहे, तेथपर्यंत अडचण येणार नाही. आपण सोलापूर मार्गे परतणार असाल, तर मंगळवेढ्याचाही विचार करावा. कलचुरी राजा बिज्जल याच्या सेवेत बसवेश्वर कल्याणला (आजचे बसवकल्याण) जाण्यापूर्वी मंगळवेढ्यात होते. आईंना तो दुवा निश्चित आवडेल.

सह्यभ्रमर

दोघांचेही आभार. मग पहिल्या दिवशी बदामी आणि बनशंकरी, दुसऱ्या दिवशी महाकूट, पट्टदकल आणि ऐहोळे, तिसऱ्या दिवशी कूडलसंगम करून विजयपूरला मुक्काम, असे ठरवितो. मंगलेशाचा स्तंभ तेथे पाहता येईल. इरकली ताई, आईने गुळेदगुड्डचे नाव ऐकल्यापासून कूडलसंगमाहून अधिक चौकशी खणांचीच चालविली आहे, तेव्हा तो अर्धा तास दुसऱ्या दिवशी सकाळी बसवावा की संध्याकाळी, ते कृपया सांगावे.

इरकली

सकाळी नको. सकाळचा उजेड विरूपाक्षासाठी ठेवा. ऐहोळेहून बदामीला परततानाही नको, कारण मेगुतीवरून उतरेपर्यंत अंधार पडेल. तिसऱ्या दिवशी बदामीहून निघताना थोडी वाट वाकडी करून गुळेदगुड्डला थांबा. आणि अर्धा तास मी मंदिरांना कंटाळलेल्यांसाठी म्हटले होते. आई सोबत असतील तर दोन तास धरून चाला.